विश्लेषण : डीमार्टचा ‘पीई’ २०१८ मध्येही शंभर, २०२५ मध्येही शंभर; मग बदलले काय?

साकोलीच्या बाजारात वर्षाला पाच लाख रुपये निव्वळ नफा देणारे एखादे किराणा दुकान समजा पाच कोटी रुपयांना विकायला निघाले. घेणारा किती वेळ विचार करेल? बहुधा पुढ्यातला चहा संपायच्या आत उठून जाईल. वर्षाला पाच लाख, म्हणजे पाच कोटी वसूल व्हायला शंभर वर्षे. हा हिशेब करायला त्याला कॅल्क्युलेटर लागणार नाही. पण तोच माणूस खिशातला मोबाइल काढतो, डीमॅटचे अॅप उघडतो आणि किराणा विकणाऱ्याच एका कंपनीचा शेअर नेमक्या याच भावाने घेतो. अॅपवर ‘पीई’ या अक्षरांपुढे शंभराच्या आसपासचा आकडा तेव्हा दिसत असतो, पण त्याचा अर्थ तेथे लिहिलेला नसतो.

ही कंपनी म्हणजे डीमार्टची दुकाने चालवणारी ‘अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स’. नागपूरला दवाखान्याच्या, नाहीतर लग्नाच्या खरेदीच्या निमित्ताने गेलेले साकोलीकर येताना तिच्या पिशव्या घेऊन येतात. त्यामुळे ही कंपनी काय करते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगण्यासारखा आहे तो तिचा पीई, आणि तोही एका दिवसाचा नव्हे, तर २०१७ पासूनचा.

पीई म्हणजे नेमके काय?

शेअरचा बाजारातील भाव भागिले कंपनीने त्या एका शेअरमागे वर्षभरात कमावलेला निव्वळ नफा, म्हणजे पीई. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात अॅव्हेन्यू सुपरमार्ट्सने सुमारे ५९,३५८ कोटी रुपयांची विक्री करून २,७०७ कोटी रुपये निव्वळ नफा मिळवला. शंभर रुपयांच्या विक्रीमागे हातात उरले साडेचार रुपये. कंपनीचे सुमारे ६५ कोटी शेअर आहेत, म्हणजे एका शेअरच्या वाट्याला साधारण ४१ रुपये ६० पैसे आले. मार्चअखेर शेअरचा भाव ४,०८० रुपयांच्या आसपास होता. भागाकार येतो ९८.

त्याच काळात निफ्टीतील ५० कंपन्यांचा मिळून पीई २१ च्या आसपास होता. म्हणजे एक रुपया वार्षिक नफ्यासाठी बाजार सरासरी कंपनीला २१ रुपये मोजत होता आणि डीमार्टला ९८.

आकडे लाख कोटींत गेले की डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून ते एका दुकानावर आणून पाहावेत. मार्च २०२५ अखेर डीमार्टची ४१५ दुकाने होती. वर्षाचा नफा त्यांच्यात सारखा वाटला तर एका दुकानाचा नफा होतो साडेसहा कोटी रुपये. कंपनीचे बाजारमूल्य त्याच पद्धतीने वाटले तर एका दुकानाची किंमत येते सुमारे ६४० कोटी. साकोलीतील पाच लाख नफा आणि पाच कोटी किमतीच्या त्या काल्पनिक दुकानाचाच हा मोठा अवतार. फरक इतकाच की साकोलीतले ते दुकान दहा वर्षांनीही एकच दुकान राहील, असे धरून घेणारा उठून गेला. डीमार्टची दुकाने वाढत राहतील, असे धरून शेअर घेणारा पैसे देतो.

गाळा, शेत किंवा ठेक्याने घेतलेली बांधी यांचा व्यवहार करताना भंडारा जिल्ह्यातला माणूस हाच भागाकार करतो. गाळ्याचे भाडे वर्षाला किती आणि गाळ्याची किंमत किती. एकरी धान किती पोते आणि एकराचा भाव किती. रस्ता रुंद होणार असेल, कालव्याचे पाणी येणार असेल, तर तो जास्त पट मोजायला तयार होतो. पीई वाचण्यासाठी लागणारी सगळी अक्कल त्याच्याकडे आधीपासून आहे. शेअरच्या अॅपवर ती वापरायची असते, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

आठ वर्षांत या आकड्याने काय केले?

राधाकिशन दमानी हे मुळात शेअर बाजारातले मुरलेले गुंतवणूकदार. किराणा व्यवसायाचा अंदाज घेण्यासाठी त्यांनी आधी नवी मुंबईत नेरुळला ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून पाहिली आणि २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिले डीमार्ट उघडले. तेथून पंधरा वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, कंपनीचा आयपीओ आला. भाव होता २९९ रुपये. आधीच्या वर्षाच्या नफ्यावर मोजला तर तेव्हाच पीई पन्नासच्या वर जात होता. तरीही मागणी विक्रीला काढलेल्या शेअरच्या शंभरपटीहून अधिक झाली. २१ मार्चला शेअर बाजारात आला तो ६०० रुपयांच्या वर, आणि पहिल्याच दिवशी ६४० च्या आसपास बंद झाला. पीई ८० च्या पुढे.

‘महाग आहे, उतरेल’ असे म्हणणाऱ्यांची तेव्हा कमतरता नव्हती. ते चुकले, आणि चांगलेच चुकले. मार्च २०१८ अखेर भाव १,३०० च्या वर आणि पीई १०३ च्या आसपास. मार्च २०२० अखेर, टाळेबंदीच्या ऐन सुरुवातीला, भाव सुमारे २,१८० आणि पीई १०५. मार्च २०२१ मध्ये पीई १६८. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाव ५,९०० पर्यंत चढला आणि पीई २७५ च्याही पुढे गेला. त्यानंतर तो उतरत गेला. मार्च २०२३ मध्ये ९३ च्या आसपास, मार्च २०२४ मध्ये ११६ आणि मार्च २०२५ मध्ये ९८.

वरवर पाहिले तर मधला एक डोंगर सोडला की रस्ता सपाट आहे. २०१८ मध्ये शंभर, २०२० मध्ये शंभर, २०२५ मध्येही शंभर. यावरून ‘या शेअरचा पीई शंभरच असतो, त्यात नवीन काय’ असा निष्कर्ष काढणारे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे.

तोच शंभर दोन वेळा वेगळा का?

मार्च २०१८ च्या शंभरामागे काय होते ते पाहावे. त्या वर्षात कंपनीचा निव्वळ नफा ४७९ कोटींवरून ८०६ कोटींवर गेला होता. एका वर्षात ६८ टक्के वाढ. दुकाने होती अवघी १५५. नफा त्या वेगाने वाढत राहिला तर आज दिलेला शंभर पट भाव पुढच्या वर्षीच्या नफ्यावर साठ पट होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी चाळीसच्याही खाली येतो. घेणाऱ्याने शंभर मोजले खरे, पण ते फार काळ शंभर राहणार नाहीत अशी आशा करायला त्याच्याकडे कारण होते. प्रत्यक्षात इतका वेग टिकला नाही. पुढच्या वर्षी नफा ९०२ कोटी झाला, त्याच्या पुढच्या वर्षी १,३०१ कोटी. तरीही दोन वर्षांत साठ टक्के वाढ ही काही थोडी नव्हे.

आता मार्च २०२५ चा शंभर. त्या वर्षात विक्री १७ टक्के वाढली, ५० नवी दुकाने उघडली, आणि निव्वळ नफा २,५३६ कोटींवरून २,७०७ कोटींवर गेला. वाढ सात टक्क्यांच्याही आत. विक्री वाढत होती, पण तिच्यातून हाती उरणारा भाग आक्रसत होता. नफा याच वेगाने वाढला तर तेव्हाचे ९८ पट पुढच्या वर्षीच्या नफ्यावर ९२ पट होतात, त्याच्या पुढच्या वर्षी ८६.

पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला हलके धान आणि भारी धान यांतला फरक वेगळा सांगायला नको. दोन्ही बांध्या पऱ्हे लावल्यावर सारख्याच हिरव्या दिसतात. एक लवकर कापणीला येते, दुसरीसाठी थांबावे लागते आणि तोवर पाण्याची चिंता वाहावी लागते. पीईच्या आकड्यात ही मुदत दिसत नाही. ६८ टक्के वाढीमागचा शंभर आणि सात टक्के वाढीमागचा शंभर अॅपच्या पडद्यावर एकाच अक्षरात, एकाच रंगात उमटतात.

यातून कंपनी बिघडली असा अर्थ काढायचे कारण नाही. मार्च २०१७ ते मार्च २०२५ या काळात नफा साडेपाच पटींहून अधिक झाला, दुकाने १३१ वरून ४१५ झाली. भारतीय किराणा व्यवसायात इतक्या शिस्तीने वाढलेली दुसरी मोठी साखळी दाखवणे अवघड आहे. प्रश्न कंपनी चांगली आहे का हा नाही. तिच्या चांगुलपणाचे किती वर्षांचे पैसे घेणाऱ्याने आधीच चुकते केले, हा आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोणाचे काय झाले?

टाळेबंदीच्या काळात लाखो घरांत पहिल्यांदा डीमॅट खाते उघडले गेले. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. त्यासाठी मुंबईला किंवा नागपूरला दलालाच्या कार्यालयात जायची गरज उरली नव्हती. आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी पुरेसा होता. साकोली, लाखनी, लाखांदूरसारख्या तालुक्यांच्या गावांतली तरुण मुले बाजारात आली ती याच लाटेत, आणि आली तेव्हा डीमार्टचा शेअर रोज नवा उच्चांक करत होता.

त्या भावाचे माप धानात काढले तर अधिक नीट कळते. आयपीओच्या वेळी, २०१६-१७ च्या हंगामात, साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,४७० रुपये होता. २९९ रुपयांचा एक शेअर म्हणजे वीस किलो धान. २०२१-२२ मध्ये हमीभाव होता १,९४० रुपये आणि शेअर ५,९०० च्या आसपास. एक शेअर म्हणजे तीन क्विंटल धान. समजा, तीस क्विंटल धानाच्या चुकाऱ्याएवढी रक्कम, म्हणजे ५८-५९ हजार रुपये, घालून कोणी तेव्हा दहा शेअर घेतले. मार्च २०२५ मध्ये त्यांची किंमत झाली ४० हजार ८०० च्या आसपास. एकतीस टक्के तोटा. धानाचा हमीभाव तोवर २,३०० रुपयांवर गेला होता. तीस क्विंटलचे शेअर विकून पावणेअठरा क्विंटल धानाचे पैसे हाती आले असते.

याच साडेतीन वर्षांत कंपनीचा नफा मात्र जवळपास दुप्पट झाला. ऑक्टोबर २०२१ पर्यंतच्या चार तिमाहींचा नफा एका शेअरमागे २१ रुपयांच्या आसपास होता, तो ४१ रुपये ६० पैशांवर गेला. ज्याने ‘कंपनी चांगली आहे, नफा वाढणार’ असे म्हणून शेअर घेतला त्याचा अंदाज अक्षरश: खरा ठरला, आणि तरीही तो तोट्यात गेला. कारण भाव दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो : शेअरमागचा नफा आणि त्या नफ्याला बाजार देत असलेली पट. नफा दुप्पट झाला, पट २७८ वरून ९८ वर म्हणजे जवळपास एक तृतीयांशावर आली. दोनाला एक तृतीयांशाने गुणले की पूर्ण एक उरत नाही.

यात आणखी एक खाच होती, ती तेव्हा फार थोड्यांनी पाहिली. भागाकारात वरचा आकडा फुगला म्हणून पीई वाढतो, तसा खालचा आकडा रोडावला म्हणूनही वाढतो. २०२०-२१ मध्ये दुकाने बंद, वेळेवर बंधने, कपडे-भांड्यांच्या विक्रीवर मनाई. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत निव्वळ नफा जेमतेम ४० कोटी झाला, दुसऱ्या लाटेत २०२१ च्या त्याच तिमाहीत ९५ कोटी. वर्षाचा नफाही १,३०१ कोटींवरून १,०९९ कोटींवर आला. त्यामुळे २७८ हा आकडा काही अंशी महागाईचा होता, तर काही अंशी महासाथीचा. नफा पूर्ववत झाल्यावर पीई आपोआप खाली येणारच होता. पण पीई नफ्याच्या वाटेनेच उतरेल आणि भावाला धक्का लागणार नाही, असे ज्यांनी गृहीत धरले त्यांना पुढची वर्षे जड गेली.

मग लोक इतका पीई देतात तरी का?

कारणे आहेत, आणि ती पोकळ नाहीत. डीमार्ट बहुतेक दुकाने भाड्याने घेत नाही; जागा विकत घेते किंवा दीर्घ मुदतीच्या कराराने घेते. त्यामुळे वाढीचा वेग मंद राहतो, पण भाडेवाढीने दुकान बुडत नाही. पुरवठादारांचे पैसे ती लवकर चुकते करते आणि त्या बदल्यात माल स्वस्तात मिळवते. किराणा व्यवसायात उधारी थकवण्याची जी सवय आहे तिच्या नेमके उलट. कर्ज जवळपास नाही. जाहिरातींवर खर्च नगण्य. देशाच्या आकाराकडे पाहिले तर मार्च २०२५ ची ४१५ दुकाने म्हणजे काहीच नाहीत, हाही मुद्दा आहेच.

एक कारण मात्र कंपनीच्या दुकानांत नाही, शेअरच्या पुरवठ्यात आहे. जवळपास तीन चतुर्थांश शेअर प्रवर्तकांकडे आहेत. उरलेल्यातला मोठा भाग देशी-परदेशी फंडांनी धरून ठेवलेला. बाजारात रोज फिरणारा माल थोडा आणि तो मागणारे हात पुष्कळ. दिवाळीच्या आदल्या दिवशी झेंडूच्या फुलांचे जे होते, ते या शेअरचे बारा महिने होत आले आहे.

चढ्या पीईचा फायदा कोणाला होतो, याचे उत्तर फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. प्रवर्तकांचा वाटा नियमाप्रमाणे ७५ टक्क्यांच्या आत आणणे भाग होते. कंपनीने तेव्हा संस्थात्मक गुंतवणूकदारांना दोन कोटी नवे शेअर २,०४९ रुपयांना देऊन सुमारे ४,०९८ कोटी रुपये उभे केले. त्यासाठी कंपनीतला किती वाटा द्यावा लागला? तीन टक्क्यांच्या आसपास. पीई पंचवीस असता तर तेवढ्याच पैशांसाठी चौपट शेअर द्यावे लागले असते. कंपनीने बाजाराच्या उत्साहाचा योग्य वेळी योग्य वापर केला, यात तिला दोष देण्यासारखे काही नाही. पण विकणारा हुशार असेल तर घेणाऱ्याने निदान हिशेब तरी मांडावा.

चढ्या पीईचे दुसरे लक्षण ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसले. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा नफा जवळपास सहा टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने जाहीर केले आणि महानगरांतल्या मोठ्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम जाणवत असल्याचेही सांगितले. १४ ऑक्टोबरला शेअर आठ टक्क्यांहून अधिक कोसळला. नफा घटला नव्हता, फक्त कमी वेगाने वाढला होता. पंधरा-वीस पीईच्या शेअरला अशी बातमी ओरखडा काढून जाते. शंभर पीईच्या शेअरला ती जखम करते, कारण त्याचा भाव वाढीच्या वेगावरच उभा असतो. दहा मिनिटांत किराणा पोहोचवणारी अॅप साकोलीपर्यंत आली नसतील, पण त्यांचा फटका साकोलीच्या डीमॅट खात्याला त्या सोमवारी बसला.

वॉलमार्टचे काय झाले होते?

किराणा दुकानांची साखळी, स्वस्ताई, काटकसर आणि चढा पीई या चारही गोष्टी एकत्र येण्याची ही पहिली वेळ नाही. सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या छोट्या गावात पहिले वॉलमार्ट उघडले. (डीमार्ट महानगरातून निघाले, वॉलमार्ट साकोलीएवढ्या गावांतून वाढत गेले, ही त्यातली गंमत.) १९९९ च्या अखेरीस त्या शेअरचा भाव सुमारे ६९ डॉलर होता आणि पीई पन्नासच्या वर. पुढच्या बारा वर्षांत कंपनीचा वार्षिक नफा सव्वापाच अब्ज डॉलरच्या आसपासचा पंधरा अब्जांच्या पुढे गेला, जवळपास तिप्पट. आणि शेअर? २०११ च्या अखेरीस साधारण ६० डॉलर. सगळी वाढ पीई तेरापर्यंत उतरण्यात जिरली. बारा वर्षे थांबलेल्याला मिळाला तो लाभांश.

डीमार्टच्या शेअरधारकाला तेवढाही आधार नाही. बाजारात आल्यापासून कंपनीने लाभांश दिलेला नाही. सगळा नफा नव्या दुकानांत जातो. धोरण म्हणून ते योग्यच. मात्र त्याचा अर्थ असा की शेअरधारकाला मिळणार ते फक्त भाव वाढला तरच.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईतच आहे. बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलचा शेअर मार्च २०२० मध्ये गडगडला तेव्हा त्याचा पीई एक अंकी दिसत होता. ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून घेणारे तेव्हाही होते. जुलै २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथला पीई कमी होता, कारण खालचा नफा टिकणार नाही हे बाजाराने आधीच ओळखले होते. तेव्हा कमी पीई म्हणजे स्वस्त आणि जास्त पीई म्हणजे महाग, हे सरसकट समीकरण दोन्ही बाजूंनी फसवते.

मोबाइलवर पाहताना काय पाहायचे?

अॅपवर दिसणारा पीई बहुधा मागच्या चार तिमाहींच्या नफ्यावर काढलेला असतो. काही ठिकाणी तो फक्त मूळ कंपनीच्या नफ्यावर असतो, काही ठिकाणी उपकंपन्या धरून एकत्रित नफ्यावर. त्यामुळे दोन अॅपवर दोन आकडे दिसले तर गोंधळून जायचे कारण नाही. खुद्द राष्ट्रीय शेअर बाजारानेही निफ्टीचा पीई एकत्रित नफ्यावर मोजायला सुरुवात केली ती मार्च २०२१ अखेरपासून. एका रात्रीत निफ्टीचा पीई उतरला, बाजारातली एकही कंपनी स्वस्त न होता. ‘इंडस्ट्री पीई’ म्हणून शेजारी जो आकडा दाखवतात त्याला डीमार्टच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. तिच्यासारखी, तिच्या आकाराची, नफ्यात चालणारी दुसरी किराणा साखळी बाजारात जवळपास नाहीच.

उपयोगाचे आहे ते पीईच्या शेजारी नफ्यातली वाढ ठेवून दोन्ही पाच-सात वर्षे मागे नेणे. कंपनीच्या वार्षिक अहवालात आणि बहुतेक अॅपच्या ‘फायनान्शियल्स’ या भागात वर्षनिहाय नफा असतो. कागदावर दोन रांगा लिहायला दहा मिनिटे लागतात. गाय घेताना माणूस याहून जास्त वेळ देतो.

आणि मग पुढचा हिशेब. समजा मार्च २०२५ नंतर दहा वर्षे कंपनीचा नफा दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढला. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या वर्षातल्या सात टक्क्यांच्या तुलनेत हे उदार गृहीतक आहे. शेअरमागचा नफा ४१ रुपये ६० पैशांवरून सुमारे १६८ रुपयांवर, म्हणजे चौपट होईल. तेव्हाही बाजार ९८ पट देत असेल तर भावही चौपट, सोळा हजारांच्या पुढे. पण तोवर दुकाने देशभर झालेली असतील, वाढीला जागा कमी उरली असेल आणि पट उतरून ४० वर आली असेल, जी वॉलमार्टच्या तेराच्या मानाने अजूनही पुष्कळ आहे, तर भाव होईल ६,७०० रुपयांच्या आसपास. दहा वर्षांत ४,०८० चे ६,७००, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास परतावा. साकोलीच्या पोस्टात पाच वर्षांच्या मुदत ठेवीवर २०२५ मध्ये साडेसात टक्के व्याज मिळत होते.